फुल सस्पेन्शन सायकलचा गिअर आपोआप बदलत असेल, तर दोष कसा शोधावा

नागपूरजवळच्या गोरेवाड्याकडील खडकाळ वाटेवर सायकल एखाद्या खळग्यात उतरली की हँडलवरच्या शिफ्टरला बोटही न लावता माझा गिअर एका चकतीने हलका होत असे आणि खळगा संपताच पूर्ववत होत असे. सपाट रस्त्यावर हे एकदाही घडले नाही. सायकल मी वापरलेली घेतली होती, त्यामुळे झीज झाली असेल असे समजून पहिल्या दोन महिन्यांत मी चेन बदलली, पाठोपाठ कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांचा संच) बदलली आणि तीन वेळा गिअर लावून घेतले. दोष जिथल्या तिथे राहिला. शेवटी असे आढळले की मागच्या सांध्याजवळ गिअरच्या केबलचे आउटर, म्हणजे बाहेरचे आवरण, जेमतेम दोन सेंटिमीटर आखूड कापलेले होते. आधीच्या मालकाने कोणत्या तरी दुकानात केबल बदलून घेतली होती आणि तेव्हापासून हा प्रकार सुरू झाला होता, हे त्याला विचारल्यावर कळले. ते मी आधीच विचारायला हवे होते.

ज्यांनी पहिल्यांदाच मागे-पुढे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल घेतली आहे आणि जे याच गोंधळात सापडले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की फुकट होणाऱ्या तपासण्या आधी येतील आणि खर्चाच्या नंतर.

आधी दोष समजून घ्या

गिअरची केबल दोन भागांची असते. आतील पोलादी तार ओढली जाते आणि बाहेरील आउटर त्या ओढीला आधार देते. शिफ्टरच्या प्रत्येक टिचकीला तार ठरावीक अंतरच सरकते. शिमानो कंपनीच्या 9 गिअरच्या जुन्या माउंटन बाइक संचात हे अंतर सुमारे 2.5 मिमी आहे आणि तेवढ्या ओढीने डिरेल्युअर (चेनला चकत्यांवरून सरकवणारा मागचा भाग) एका चकतीवरून शेजारच्या चकतीवर, म्हणजे साधारण 4.35 मिमी, सरकतो. 10 गिअरच्या माउंटन बाइक संचात तार सुमारे 3.4 मिमी सरकते आणि चकत्यांमधील अंतर 3.95 मिमी असते. याचा अर्थ असा की जुन्या संचात तार कोणत्याही कारणाने एक मिलिमीटरभर जास्त ओढली गेली, तर डिरेल्युअर पुढच्या चकतीच्या दिशेने जवळजवळ चाळीस टक्के अंतर कापून बसतो. नव्या संचात तोच एक मिलिमीटर थोडा कमी त्रास देतो, पण त्रास देतोच.

साध्या सायकलमध्ये आउटरची दोन्ही टोके एकाच अखंड फ्रेमवर असल्यामुळे हा प्रश्न येत नाही. फुल सस्पेन्शनमध्ये मात्र शिफ्टर पुढच्या भागावर आणि डिरेल्युअर मागच्या हलत्या भागावर असतो, आणि केबलला सांध्यावरून जावे लागते. सस्पेन्शन दबताना सांध्याजवळचा आउटरचा वळसा ताणला जातो. वळशात पुरेशी ढील असेल तर काहीच होत नाही. ढील नसेल तर आउटरचे टोक त्याच्या बैठकीतून किंचित बाहेर खेचले जाते, तेवढ्याने तारेचा मार्ग लांबतो, तार ताणली जाते आणि चेन मोठ्या चकतीवर चढते.

हे दुकानात का सापडत नाही, याचे उत्तर दुकानातल्या स्टँडमध्ये आहे. स्टँडवर टांगलेल्या सायकलचे मागचे सस्पेन्शन पूर्ण उघडलेले असते आणि गिअर त्या अवस्थेत लावले जातात. तुम्ही बसलात की तेच सस्पेन्शन चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक दबते आणि खळग्यात पूर्ण दबते. मिस्त्री दुकानासमोरच्या सपाट सिमेंट रस्त्यावर एक फेरी मारतो, त्याला काही आढळत नाही, आणि त्यात त्याची चूक म्हणता येत नाही, कारण त्या रस्त्यावर दोष असतच नाही.

लागणारे साहित्य

- 2 ते 8 मिमीपर्यंतच्या ॲलन कीचा संच. शक्य असल्यास लहान टॉर्क रेंच (बोल्ट किती घट्ट झाला ते न्यूटन-मीटरमध्ये दाखवणारा पाना)
- फुली स्क्रू-ड्रायव्हर
- शॉक पंप, म्हणजे मागच्या सस्पेन्शनच्या शॉकमध्ये हवा भरण्याचा पंप (पुढच्या-मागच्या टायरचा साधा पंप येथे चालत नाही)
- केबल कापण्याचे खास कटर, आणि अस्तराचे तोंड उघडण्यासाठी दाभण किंवा जाड सुई
- गिअरचे 4 मिमीचे आउटर, नवी तार, टोकाच्या टोप्या
- चेनची झीज मोजण्याचे माप. नसल्यास इंचांची पोलादी पट्टी
- कागदी चिकटपट्टी, बारीक पेन, चिंध्या, बॅटरी
- मदतीला एक माणूस. त्याला सायकलमधले काही कळण्याची गरज नाही, फक्त सीटवर भार देता आला पाहिजे

कटरच्या बाबतीत काटकसर करू नका. मी पहिल्यांदा घरातल्या पकडीने आउटर कापले. त्याचे तोंड चेपले, आतल्या पोलादी तारा विस्कटल्या आणि सगळे काम दुसऱ्यांदा करावे लागले.

1. लक्षणाची नोंद करा

साधनाला हात लावण्याआधी एक फेरी मारून तीन गोष्टी लिहून ठेवा.

पहिली, गिअर खरोखर बदलतो की चेन फक्त घसरते? गिअर बदलल्यावर पायांना नवा भार जाणवतो आणि तो काही काळ टिकतो. चेन दातांवरून घसरली तर पॅडल एकदम मोकळे पडून 'खट्' असा झटका बसतो आणि पुन्हा तोच गिअर लागतो. घसरणीचे मूळ बहुधा झिजलेली चेन, झिजलेली कॅसेट किंवा फ्रीहबमधील (मागच्या चाकाचा एकाच दिशेने पकडणारा भाग) अडकलेले खटके यांत असते. त्यासाठी केबल उसवण्यात अर्थ नाही.

दुसरी, चेन कोणत्या दिशेने जाते? मोठ्या चकतीकडे, म्हणजे हलक्या गिअरकडे जात असेल, तर तार कुठेतरी ओढली जात आहे. लहान चकतीकडे, म्हणजे जड गिअरकडे जात असेल, तर तार ढिली पडत आहे किंवा आउटरमध्ये घर्षण असल्यामुळे ती आधी पूर्ण सुटलीच नव्हती आणि धक्क्याने सुटली. काही जुन्या डिरेल्युअरची स्प्रिंग उलट्या दिशेने काम करते, त्यांत हा नियमही उलटा होतो. अशा सायकली आता क्वचितच दिसतात.

तिसरी, हे केव्हा घडते? खळग्यात, चढावर जोर लावताना, की हँडल वळवताना? केवळ हँडल वळवताना घडत असेल, तर आखूडपणा मागे नसून हँडल आणि फ्रेम यांच्यामधील वळशात आहे, आणि तुमचे काम बरेच सोपे झाले. ठरावीक अंतराने, खळगा असो वा नसो, एक गचका येत असेल तर चेनची एखादी कडी कडक झाली असावी. समोर 32 दात आणि चेनमध्ये 120 कड्या असतील, तर तीच कडी पॅडलच्या पावणेचार फेऱ्यांनी पुन्हा कॅसेटवर येते. चालवता चालवता हे मोजता येते.

वजनाचाही विचार करा. माझी सायकल माझ्या कॉलेजात जाणाऱ्या भाच्याने त्याच वाटेवर चालवली तेव्हा गिअर एकदाही बदलला नाही. तो माझ्यापेक्षा वीस-बावीस किलोंनी हलका आहे आणि शॉकमधील हवा माझ्या वजनाची होती, त्यामुळे सस्पेन्शन केबल ताणण्याइतके खाली गेलेच नाही. मला खरा धागा तिथे सापडला.

2. सायकल धुऊन सैल भाग तपासा

नागपूरच्या पश्चिमेकडील काळ्या मातीत पावसाळ्यात सायकल घातली असेल, तर धुणे ही स्वतंत्र पायरी समजा. ही माती पाणी पिऊन फुगते, चिकटते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. डिरेल्युअरच्या सांध्यांत आणि आउटरच्या तोंडाशी तिचे थर बसतात, डिरेल्युअरला मोकळेपणाने परत येता येत नाही, आणि केवळ तेवढ्यानेही गिअर भलत्या वेळी बदलू शकतो. साध्या पाण्याने आणि ब्रशने धुवा. गाड्या धुण्याच्या केंद्रावरील जोरदार फवारा सांध्यांवर आणि हबवर मारू नका, त्याने बेअरिंगमधील ग्रीस वाहून जाते.

सायकल वाळली की मागच्या चाकाचा ॲक्सल घट्ट आहे का ते पाहा. अनेक फ्रेममध्ये डिरेल्युअरचा हँगर ॲक्सलच्या दाबानेही पक्का बसतो, त्यामुळे ॲक्सल थोडासा ढिला असला तरी डिरेल्युअर डोलतो. त्यानंतर चाक दोन्ही बाजूंनी हलवा, कॅसेट हाताने हलवा आणि डिरेल्युअरचा मुख्य बोल्ट तपासा. शिमानोच्या बहुतेक माउंटन बाइक डिरेल्युअरसाठी तो 8 ते 10 न्यूटन-मीटर इतका घट्ट असावा लागतो, आणि कॅसेट जागी धरणारी लॉकरिंग 40 न्यूटन-मीटर इतकी. लॉकरिंगसाठी वेगळे अवजार लागते. ती हाताने फिरत असेल तर सरळ दुकान गाठा.

चाक बाजूला न हलता फ्रेमचा मागचा भागच हलत असेल, तर सांध्यांची बेअरिंग किंवा बोल्ट ढिले आहेत. एका हाताने सीटची नळी धरून दुसऱ्या हाताने चाकाचा वरचा भाग आडवा ढकला आणि मदतनीसाला प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायला सांगा. कुठे टकटक जाणवते ते बोटाला लगेच कळते. बोल्ट फ्रेमच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळा, अंदाजाने नव्हे.

3. हँगर सरळ आहे का ते पाहा

हँगर हा डिरेल्युअर आणि फ्रेम यांच्यामधला ॲल्युमिनियमचा लहान तुकडा असतो. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम नरम ठेवलेला असतो. सायकल उजव्या बाजूला एकदा जरी पडली, किंवा गाडीच्या डिकीत डिरेल्युअर खाली करून ठेवली, तरी तो वाकतो. मागून पाहिल्यास डिरेल्युअरच्या दोन्ही पुली आणि कॅसेटची चकती एका उभ्या रेषेत दिसायला हव्यात. खालची पुली आत, स्पोककडे झुकलेली असेल, तर हँगर वाकला आहे.

डोळ्याने सरळ दिसणारा हँगरही दोन-तीन मिलिमीटर वाकलेला असू शकतो. तो मोजण्याचे अवजार डिरेल्युअरच्या जागी बसवून रिमपासूनचे अंतर चार ठिकाणी पाहिले जाते, आणि हा फरक 4 मिमीच्या आत असावा. गिअरची संख्या जास्त असेल तर याहून कमी फरकाचा आग्रह धरा. हे अवजार विकत घेण्यापेक्षा दुकानात हे एवढेच काम करून घेणे परवडते. सुटा हँगर मात्र आधीच मागवून ठेवा. 2019 नंतर अनेक कंपन्यांनी स्रॅम कंपनीचा समान नमुन्याचा हँगर स्वीकारला असला तरी त्याआधीच्या बहुतेक फ्रेमचा हँगर फक्त त्याच फ्रेमचा असतो, आणि नागपूरच्या बर्डी किंवा इतवारी बाजारात फिरून तो मिळेल या भरवशावर राहू नये.

4. शॉकची हवा काढून सस्पेन्शन पूर्ण दाबा

संपूर्ण लेखातून एकच पायरी करायची असेल तर ही करा.

प्रथम शॉक पंप लावून सध्याचा दाब लिहून ठेवा. रिबाउंडच्या, म्हणजे शॉक परत उघडण्याचा वेग ठरवणाऱ्या, फिरकीची स्थितीही लिहा. मग हवा हळूहळू सोडा आणि सोडताना अधूनमधून सीट दाबून शॉक खाली-वर करत राहा. एकदम सगळी हवा सोडल्यास काही शॉकच्या आतील दुसऱ्या कप्प्यात दाब अडकून राहतो आणि शॉक दबलेल्या अवस्थेतच अडकतो. तसे झालेच तर घाबरून सीट वर ओढत बसू नका. पुन्हा मोठ्या दाबाने हवा भरा, बहुतेक वेळा शॉक उघडतो. नाही उघडला तर तो घरी खोलू नका. स्प्रिंगचा शॉक असेल तर शॉकचा एक बोल्ट काढून मागचा भाग मोकळा करावा लागतो. मग फ्रेम अलगद धरा, कारण शॉकचा अडसर नसताना टायर थेट फ्रेमवर आदळू शकतो.

आता चेन कॅसेटच्या मधल्या चकतीवर आणा आणि सायकल जमिनीवर उभी करा. सांध्याजवळ जिथे आउटर फ्रेममध्ये शिरते किंवा क्लिपमधून जाते, तिथे आउटरवर कागदी चिकटपट्टी लावून पेनाने बारीक रेघ मारा. मदतनीसाला सीटवर सावकाश भार देऊन सस्पेन्शन शेवटपर्यंत दाबायला सांगा आणि तुम्ही सायकलच्या मागे, पुलीच्या उंचीवर डोळे आणून बसा.

पाहायचे ते असे. वरची पुली चकतीच्या बरोबर खाली राहते की आतल्या बाजूला सरकते? पुली सरकली तर दोष सापडला. पुली न सरकता रेघ सरकत असेल, तर आउटर क्लिपमधून घसरत आहे. आज काही होणार नाही, पण दर फेरीला ते थोडे पुढच्या भागात जाऊन बसेल आणि महिन्याभराने मागचा वळसा आखूड पडेल. फ्रेमच्या आतून केबल जाणाऱ्या सायकलींत हे फार आढळते, कारण आत काय चालले आहे ते दिसत नाही. माझ्या सायकलमध्ये सस्पेन्शन दोन-तृतीयांश दबेपर्यंत पुली स्थिर होती आणि त्यानंतर झपाट्याने आत सरकू लागली.

वळसा सर्वाधिक ताणला जातो ती जागा सर्व फ्रेममध्ये सारखी नसते. कुठे ती पूर्ण दबलेल्या अवस्थेत येते, तर कुठे पूर्ण उघडलेल्या. म्हणून संपूर्ण हालचाल दोन-तीनदा सावकाश करून पाहा आणि प्रत्येक वेळी हँडलही दोन्ही टोकांपर्यंत वळवा.

हवा काढलेलीच आहे तर याच वेळी चेनची लांबीही तपासा. अनेक फ्रेममध्ये सस्पेन्शन दबताना पॅडलचा मध्य आणि मागचा ॲक्सल यांतील अंतर वाढते. चेन सर्वांत मोठ्या चकतीवर ठेवून सस्पेन्शन दाबा आणि डिरेल्युअरचा पिंजरा (दोन्ही पुली धरणारा भाग) पूर्ण ताणून सरळ तर होत नाही ना ते पाहा. तसे होत असेल तर चेन आखूड आहे, आणि हा दोष गिअर बदलण्यावर न थांबता एखाद्या मोठ्या खळग्यात हँगर आणि डिरेल्युअर दोन्ही मोडून टाकू शकतो. अशा सायकलवर चेन दुरुस्त होईपर्यंत बसू नका.

5. आउटर आणि तार बदला

दोष वळशात निघाला तर जुन्या आउटरला तुकडा जोडून लांबी वाढवू नका, नवे अखंड आउटर घ्या. दुकानात 'गिअरचे आउटर' असे स्पष्ट सांगा. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि ती दाबाखाली किंचित चेपते. ब्रेकला ते चालते, पण गिअरचे त्याने कधीच नीट जमत नाही. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीला समांतर असतात. कापलेल्या टोकाकडे पाहिले की फरक लगेच ओळखू येतो.

केबल फ्रेमच्या आतून जात असेल तर जुने आउटर ओढून काढण्याची घाई करू नका. आधी जुन्या आउटरमध्ये एक लांब तार घालून ठेवा, तिच्यावरून जुने आउटर काढा आणि तिच्यावरूनच नवे आत सरकवा. हे मला ठाऊक नव्हते. एका रविवारची संपूर्ण दुपार मी बॅटरी आणि वाकवलेली तार घेऊन फ्रेमच्या भोकात पाहत घालवली आहे, आणि नागपूरच्या मे महिन्यात बाल्कनीत बसून हे काम करण्याची शिफारस मी कोणालाही करणार नाही.

लांबी ठरवताना सस्पेन्शन त्या सर्वाधिक ताणाच्या जागी दाबून धरा आणि तिथेही वळशात स्पष्ट बाक उरेल इतके आउटर ठेवा. पहिल्यांदा दोन-तीन सेंटिमीटर जास्तच लांब ठेवून कापा. जास्तीचे नंतर कमी करता येते. मात्र जास्त म्हणजे वाटेल तेवढे नव्हे. फार मोठा वळसा टायरला किंवा स्पोकला घासतो, शॉकच्या दांड्यांमध्ये चिमटला जातो आणि घर्षणही वाढवतो. डिरेल्युअरमध्ये शिरणारे शेवटचे वळण सौम्य, एका गोलाईत असावे.

कापल्यावर आउटरचे तोंड सपाट आहे ना ते पाहा, आतील प्लास्टिकचे अस्तर चेपले असेल तर दाभणाने गोल करा आणि टोपी पक्की बसवा. आतून अस्तर असलेल्या आउटरमध्ये तेल घालू नका. आपल्याकडील उन्हाळ्यातील धूळ त्या तेलात बसून काही आठवड्यांत लगदा होतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या क्लिप घट्ट करा, म्हणजे वळशाची लांबी कायम राहील. शिमानोच्या डिरेल्युअरवर तारेचा बोल्ट 6 ते 7 न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. त्यानंतर शेवटच्या, सर्वांत मोठ्या चकतीवर गिअर टाकून फ्रेमबाहेर दिसणारे आउटर दोन-चार वेळा हाताने ओढा, म्हणजे टोप्या आपापल्या बैठकीत बसतील. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर तार थोडी ढिली वाटेल. हा दोष नव्हे.

6. गिअर लावा, पण वजनाखाली

शॉकमध्ये लिहून ठेवलेला दाब भरा. हवा टप्प्याटप्प्याने भरा आणि मधून मधून सीट दाबा, म्हणजे दोन्ही कप्प्यांत दाब समान होईल. दाब दर काही आठवड्यांनी तपासत राहा. तो कमी झाला की सस्पेन्शन जास्त खोल जाते आणि काठावर असलेला केबलचा दोष उघडा पडतो.

गिअर लावण्याचा क्रम नेहमीचाच आहे. तार सोडून सर्वांत लहान चकतीची मर्यादा 'एच' स्क्रूने ठरवा, तार बसवा, एक टिचकी देऊन बॅरल ॲडजस्टर (तारेचा ताण कमी-जास्त करणारी फिरकी) फिरवत दुसरी चकती जुळवा, आणि शेवटी 'एल' स्क्रूने मोठ्या चकतीची मर्यादा ठरवा. बॅरल घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवल्यास तार ताणली जाते. प्रत्येक वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नका.

फुल सस्पेन्शनचा वेगळेपणा 'बी' स्क्रूशी येतो. हा स्क्रू वरची पुली आणि मोठी चकती यांतील अंतर ठरवतो आणि सस्पेन्शन दबले की हे अंतर बदलते. म्हणून स्रॅमच्या 12 गिअरच्या ईगल संचासाठी कंपनी स्वतःच सांगते की स्वार सीटवर बसलेला असताना हे अंतर लावावे. भिंतीला हात टेकवून तुम्ही सायकलवर बसा आणि मदतनीसाला अंतर पाहू द्या, किंवा त्याला बसवून तुम्ही पाहा. पण मग त्याचे वजन तुमच्या आसपास हवे.

येथे सर्वांत मोठा सापळा सांगून ठेवतो. केबल आखूड असताना बॅरल ढिला करून गिअर 'जमवता' येतो. खळग्यात चेन चढणे थांबते आणि आपल्याला जिंकल्यासारखे वाटते. दोन दिवसांनी चढावर जोर लावताच चेन उलट्या दिशेने, लहान चकतीवर पडू लागते. मग बॅरल पुन्हा आवळला जातो आणि पहिला दोष परत येतो. तुम्ही बॅरल दर आठवड्याला आलटून पालटून दोन्ही दिशांना फिरवत असाल, तर पायरी 4 कडे परत जा.

7. चेन, कॅसेट आणि क्लच

झीज मोजायला पट्टी पुरते. चेनच्या एका पिनच्या मध्यापासून मोजल्यास 24 कड्यांची लांबी बरोबर 12 इंच असावी. ती 1/16 इंचाने वाढली असेल तर चेन सुमारे अर्धा टक्का ताणली गेली आहे आणि 11 किंवा 12 गिअरच्या सायकलवर ती बदलण्याची वेळ आली आहे. वाढ 1/8 इंचापर्यंत पोहोचली असेल तर कॅसेटही बहुधा गेली, आणि झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन हमखास घसरते. 10 किंवा त्याहून कमी गिअर असतील तर थोडी अधिक सवलत आहे.

डिरेल्युअरच्या पिंजऱ्याला लगाम घालणारा क्लच 2011-12 च्या सुमारास माउंटन बाइकमध्ये आला. शिमानोच्या डिरेल्युअरवर त्याची लहान खटकी असते आणि चाक काढताना ती बंद केली जाते. पुन्हा चालू करायला लोक विसरतात, मग खडकाळ उतारावर चेन फडफडते आणि कधी कधी शेजारच्या चकतीवर जाऊन बसते. तुमच्या फेरीआधी पंक्चर काढले असेल तर सर्वांत आधी ही खटकी पाहा.

8. चाचणी

आधी वसाहतीतले गतिरोधक घ्या. मधल्या गिअरमध्ये बसून, पॅडल हलकेच फिरवत, एकाच गतिरोधकावरून दहा वेळा जा. नंतर सेमिनरी हिल्सचा चढ घ्या आणि उभे राहून जोर लावा, कारण चढावर दिसणारा दोष गतिरोधकावर दिसत नाही. शेवटी ज्या खळग्यात गिअर बदलत असे त्याच खळग्यात, त्याच गिअरमध्ये उतरून पाहा. दुसऱ्या वाटेवरची चाचणी मी धरत नाही.

शॉकच्या दांड्यावर रबरी कडी असल्यास फेरीआधी ती शॉकच्या जाड भागाला टेकवून ठेवा. परत आल्यावर ती किती सरकली यावरून सस्पेन्शन किती दबले ते कळते. कडी टोकाला पोहोचली नसेल तर केबलची खरी परीक्षा अजून झालेली नाही.

9. दुकानात जायचेच असेल तर

'गिअर ट्यून करून द्या' असे सांगू नका, कारण मग तेवढेच होईल आणि तेही स्टँडवर. 'खळग्यात सस्पेन्शन दबले की चेन मोठ्या चकतीकडे जाते, शॉकची हवा काढून केबल तपासायची आहे' असे सांगा, आणि शक्य असल्यास पायरी 4 करताना मोबाइलवर चित्रीकरण करून ते दाखवा. मिस्त्रीदादांना फुल सस्पेन्शन सायकलींची सवय नसेल तर ते काम तुमच्यासमोर करतील का, हे आधीच विचारा. आउटर कापण्यापूर्वी सस्पेन्शन दाबून लांबी मोजण्याचा आग्रह धरा. सोबत फ्रेमचे मॉडेल व वर्ष, शॉकमधील तुमचा दाब, आणि सायकल वापरलेली घेतली असल्यास तिच्यावर आधी कोणती कामे झाली त्याची यादी ठेवा. जुने आउटर परत मागून घ्या. नव्याशेजारी ठेवून लांबी मोजली की आधी किती आखूड होते ते दिसते, आणि पुढच्या वेळी केबल बदलताना तेच माप उपयोगी पडते. माझ्या सायकलचे माप मी फ्रेमच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवले आहे.